कमी बोलणारीच्या हातातली सुपली

आमच्या गावात सुपली धरायला कमी बोलणारी बाई लागते. जास्त बोलणारीचं मन तिच्या बोटांत उतरतं, असं जुनी माणसं मानायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून कोणी विचारलं तरच बोलायची, तेही खाली पाहून. त्यामुळे आधीची धरणारी म्हातारी वारली तेव्हा बायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं.

सुपली म्हणजे बांबूचं लहान सूप. तिला तीन ठिकाणी सुतळी बांधून वर एक गाठ मारतात. धरणारीने हात लांब करून ती गाठ दोन बोटांत धरायची. खाली सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या लहान लहान ढिगल्या असतात. बैल हरवला असेल तर एक ढिगली नदीकडची, एक जंगलाकडची, एक नहराकडची, म्हणजे कालव्याकडची. सुपली एकेका ढिगलीवरून न्यायची. जिथे ती आपोआप गरगर फिरायला लागते तिकडे शोधायला जायचं. मी धरलेली सुपली फिरायची. मी ती फिरवत नव्हते. हात ताठ असायचा, श्वास रोखलेला असायचा आणि तरी ती फिरायची. तेव्हा अंगावर काटा यायचा आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. एवढ्या बाया चूप बसून माझ्या हाताकडे पाहत, असं दुसऱ्या कुठल्या वेळी होत नव्हतं.

पण सुपली फक्त बैलासाठी नव्हती. घरातलं दुखणं हटत नसलं की ढिगल्या घरांच्या नावाच्या पडायच्या. कोणाची नजर लागली, कोणी करणी केली, ते पाहायला. तशी सुपली मी तोवर धरली नव्हती. सासरी आले त्या वर्षी दुसऱ्या गावात एका विधवेच्या नावाच्या ढिगलीवर सुपली फिरली होती. आधी तिला हापशीवर पाणी भरू देईनात, मग दुकानात माल देईनात. मग एक दिवस तिचं घर जळलं. कोणी जाळलं ते आजवर कोणी सांगितलं नाही. ती बाई कुठे गेली तेही नाही.

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकवणारी शाळा निघाली त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. धान रोवण्याच्या वेळी लहान विमान डोक्यावरून घरघरत जायचं आणि बाया चिखलातून मान वर करायच्या. त्याच पावसाळ्यात शहरात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आमच्या समोरच्या खोलीत राहायला आली. सगळे तिला मॅडम म्हणायचे. माणूस आजारी पडला की आधी कोणाकडे जातो, डॉक्टरकडे का पुजाऱ्याकडे, आणि ते कसं ठरवतो, हे ती पाहायला आली होती.

सासूला ते काही पटलं नाही. "लोकं कसे वागतेत हे पाहाले आली म्हन्ते. आमच्या घरी रोज तमाशा रायते, फुकट पाह्यजो," ती म्हणाली. मॅडम हसली आणि म्हणाली, "म्हणूनच तर आले, आई." त्या दिवसापासून सासू तिला भाकरीवर तेल जास्त वाढायची.

मॅडम मला घरोघर सोबत न्यायची. माझ्यासमोर बाया मोकळं बोलत. मी त्यांच्या लेखी भिंतीसारखी होते. परत येताना ती मला विचारायची, काय पाहिलंत. एकदा मी सांगितलं, "बुडीमाय वाईट नजरेनं पाहत होती."

बुडीमाय आमच्या शेजारची. नवरा गेलेला, एकुलती लेक सालेकशाकडे दिलेली. गावातल्या निम्म्या लेकरांना तिने जन्मल्यावर पहिली आंघोळ घातली होती. माझ्या लेकीला आणि जावेच्या मुलालाही तेल लावून चोळायची तीच. तिच्या एका डोळ्यात पांढरी टिक पडली होती.

मॅडम थांबली. "वहिनी, वाईट नजर कशी दिसली तुम्हाला? डोळ्यांना जे दिसलं तेवढंच सांगा."

मी आठवलं. "ती दारात उभी होती. लेकराकडे पाहत होती. पापणी हलवत नव्हती."

"आणि वाईट?"

"ते माझ्या मनात आलं."

"मग ते वेगळं ठेवायचं. दिसलं ते एकीकडे, मनात आलं ते दुसरीकडे."

चौथीपर्यंतच्या शाळेत मला असं काही कोणी शिकवलं नव्हतं. मी ते करून पाहू लागले. भात रांधताना, धुणं धुताना. फार अवघड होतं. पाहायला गेलं की आधी मनातलंच पुढे यायचं.

धान गर्भात आलं तेव्हा जावेचा मुलगा आजारी पडला. चार वर्षांचा होता. हातपाय दुखतात म्हणून रडायचा, बोटं सुजायची, डोळे पिवळट व्हायचे. दोन दिवस बरा, पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, पुजाऱ्याने दोरा बांधला. दोन्हींनी काही झालं नाही.

मग कुजबुज सुरू झाली. आधी नाव कोणी घेत नव्हतं. "चोळून चोळून हाडं नरम केली लेकराची," एवढंच. मग बाया हापशीवर आपला पाण्याचा गुंड आधी लावू लागल्या, म्हणजे बुडीमायच्या मागे लावावा लागू नये. तिच्या हातचा चहा कोणी घेईना. बुडीमायला ते कळत नव्हतं असं नाही. एक दिवस ती जावेच्या दारात तेलाची वाटी घेऊन आली.

जाऊ म्हणाली, "आता नोको लावू, माय."

"काऊन वो? तेलानं दुखनं उतरते."

"डॉक्टरनं मना केलं."

डॉक्टरने असं काही म्हटलं नव्हतं. बुडीमाय वाटी घेऊन परत गेली. तेल सांडू नये म्हणून वाटीकडे पाहत, हळूहळू.

दोन दिवसांनी घरात ठरलं की सुपली धरायची. येत्या रविवारी, आमच्याच अंगणात, माझ्या हाताने.

ते मॅडमला कळल्यावर ती दुपारी मागच्या अंगणात आली. घरचे सगळे धानाच्या बांधीत तण निंदायला गेले होते. "वहिनी, मला सुपली दाखवाल?"

तिने पाच वाट्या उपड्या ठेवल्या आणि माझ्यादेखत एकीखाली खडा ठेवला. मी सुपली धरली. बरोबर त्याच वाटीवर फिरली. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. मग तिने मला घरात पाठवलं, खडा लपवला आणि मला बोलावून स्वतः धानाच्या तणसाच्या ढिगामागे जाऊन उभी राहिली. "माझ्या तोंडाकडे पाहूनही तुम्हाला कळेल, म्हणून इकडे थांबते," ती म्हणाली. मी सुपली धरली. कधी या वाटीवर फिरली, कधी त्या. खडा भलतीकडेच निघायचा.

शेवटी ती म्हणाली, "आता सांगूनच देते. मधल्या वाटीखाली आहे." सुपली मधल्या वाटीवर आली आणि अशी जोरात फिरली की सुतळीला पीळ पडला. मॅडमने वाटी उचलली. खाली काही नव्हतं. खडा तिच्या मुठीत होता.

मी सुपली खाली ठेवली. "मी फिरवली नाही हो."

"मला माहीत आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. पण जे तुमच्या मनाला पटलंय ते तुमची बोटं करतात. तुम्हाला न सांगता."

मी माझ्या हाताकडे पाहत राहिले. त्याच हाताने सकाळी लेकीची वेणी घातली होती. रविवारी कोणत्या ढिगलीवर सुपली फिरणार हे मला तेव्हाच कळलं. कारण ती ढिगली कोणाची हे सगळ्या गावाला पटलं होतं, आणि बुडीमायच्या डोळ्यातली ती पांढरी टिक पाहून मलाही थोडं पटलं होतं.

कमी बोलणारी निवडून गावाची मोठी चूक झाली होती. न बोलणारी जास्त ऐकते.

मॅडमचं म्हणणं होतं की सुपली धरूच नये, मुलाला गोंदियाला नेऊन रक्त तपासावं. पण ती पाहायला आलेली, सांगायला नाही. जाऊ तिला म्हणाली, "तुमी लिवा जी, आमचं आमी पाहतो." तेव्हा मी रात्रीच्या जेवणाआधी सासूजवळ गेले. ती लसूण सोलत होती. मी कधी आपणहून बोलायला येत नाही, त्यामुळे तिने हातातली पाकळी खाली ठेवली.

"का झालं वो?"

"रविवारी ढिगल्या मांडाल तेव्हा मी घरात राहीन. कोणाची कोणती ते मला सांगू नका. नावं मोठ्यानं घेऊ नका. ज्याला माहीत आहे त्यानं माझ्यासमोर उभं राहू नये."

"हे मॅडमचं डोस्कं होय का?"

मी होय म्हणून मान हलवली. वाटलं आता ओरडेल. सासू पाकळी पुन्हा उचलून म्हणाली, "बरं हाय. देव असंल तं त्याले सांगाले कायले लागते? त्याले मालूमच असंल."

जाऊ चिडली. "असं कधी झालं नाई आपल्या गावात."

"मंग आता होईल. तुले भेव लागते का, देव चुकंल म्हनून?"



रविवारी अंगण भरलं. ज्या ज्या घरच्या बाईने मुलाला हात लावला होता त्या प्रत्येक घरून मूठभर तांदूळ आणवले होते. आमच्याही घरचे होते. मी आत बसले, दार ओढलेलं. बाहेर बोलणं थांबलं तेव्हा मला बोलावलं. पुजारी आणि सासू, ज्यांनी ढिगल्या मांडल्या, ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. बुडीमाय कुंपणाजवळ बसली होती. तिने स्वच्छ लुगडं नेसलं होतं.

मी सुपली धरली. पहिली ढिगली, दुसरी. काही नाही. मनात काहीच येत नव्हतं, आणि ते रिकामेपण मला सुपली फिरण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं. शेवटून दुसऱ्या ढिगलीवर सुपली थरथरली आणि फिरली. का फिरली ते मला आजही माहीत नाही. हात दुखून आला होता, तेवढं खरं.

 मी वळून पाहिलं. पुजारी सासूकडे पाहत होता.

सासू म्हणाली, "आमचीच होय."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. जावेने पोराला छातीशी धरलं. बाया उठल्या, लुगडी झटकली आणि एकेक करून निघाल्या. नेहमी जाताना बोलत जातात तशा नाही. बुडीमाय मात्र माझ्याजवळ आली, माझी दोन्ही बोटं धरून कपाळाला लावली. "तुह्या हातानं वाचलो मी, माय. सुपली खरी होय."

 मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

घरावर सुपली फिरली म्हणून सासू घाबरली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, नेऊ पोराला गोंदियाला. मॅडम सोबत गेली. तिथे रक्त तपासलं. सिकलसेल निघाला. डॉक्टरने समजावलं की हा रोग लागत नाही, आईबापाच्या रक्तातून येतो. आई आणि बाप दोघांकडूनही थोडा थोडा आला की मुलात पुरा होतो. गोळ्या सुरू झाल्या, पाणी जास्त पाजायला सांगितलं, थंडीत जपायला सांगितलं. दुखणं कमी झालं.

पण गावात जे पसरलं ते वेगळंच. पुजारी चावडीजवळ म्हणाला, "पाह्यलं? रोग घरातूनच आला होता. सुपलीनं डॉक्टरच्या आधी सांगतलं."

हे ऐकून मॅडमने डोकं धरलं. "वहिनी, एकदा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. एवढ्या ढिगल्यांत कोणती तरी एक फिरणारच होती. पुन्हा पुन्हा करून पाहिलं असतं तर दर वेळी वेगळी निघाली असती. मी तेव्हाच पुन्हा करायला लावायला हवं होतं." मग हळूच म्हणाली, "आता कोणी ऐकणार नाही."

धान कापून झाल्यावर ती गेली. सासूने तिला पोह्यांची पुरचुंडी दिली. मॅडमने मला विचारलं, पुन्हा सुपली धराल का? मी म्हटलं, नाही. ती गेल्यावर खोली बरेच दिवस रिकामी होती आणि मी रोज ती झाडत होते.

पुढच्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून संपली तेव्हा, गावात एका घरी बाळंतपण झालं. बाळ सातव्या दिवशी दगावलं. पहिली आंघोळ बुडीमायनेच घातली होती.

बाळाचा आजा आणि दोन बाया आमच्या घरी आल्या. "चाल वो, सुपली धराची हाय."

मी म्हटलं, "ढिगल्या लपवून मांडाल?"

आजा म्हणाला, "आता कायले लपवाचं? तुह्यी सुपली खरी निंगाली ना? खऱ्याले का लपवाचं?"

माझ्या आयुष्यात मी तेव्हा पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर मान वर करून बोलले. म्हटलं, सुपलीला काही माहीत नसतं. धरणाऱ्या हाताला माहीत असतं. मागच्या वेळी ती सहज जुळली. बाळ कशानं गेलं ते डॉक्टरला विचारा. लपवून मांडणार असाल तर येते, आणि एकदा नाही, अनेकदा मांडायच्या. मग पाहा ती दर वेळी एकाच घरावर फिरते का.

बोलताना माझा आवाज चिरका झाला होता. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. एक म्हणाली, "मुकी बोलाले लागली. मॅडमचं वारं लागलं हिले." दुसरी म्हणाली, "आता हिच्या हातात नाई राहिलं ते." मला कळलं की बोलल्यामुळेच माझं बोलणं बाद झालं होतं.

ते जावेकडे गेले. जाऊ लगेच उठली. सासू ओट्यावर बसली होती, ती काही बोलली नाही. त्या रविवारनंतर ती अशा गोष्टींत बोलतच नव्हती.

मी धावत बुडीमायकडे गेले. ती सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. तिला निरोप आला होता.

"जाऊ नको, माय. तांदूळ पाठवू नको."

"कायले? मी का केलं? चांगले तांदूर नेतो. सुपलीले मालूम हाय."

"सुपलीला काही मालूम नसतं. मागच्या वेळी मी..."

"मागच्या वेरी तिनंच वाचवलं ना मले?" ती हसली. एकाच बाजूला दात उरले होते. "तुले भेव लागून रायलं. मले नाई लागत." आणि तिने वेचलेले तांदूळ पदरात बांधले.

मी कुंपणापाशी उभी राहिले. पुजारी प्रत्येक ढिगली ठेवताना घराचं नाव मोठ्याने घेत होता. जाऊ समोर बसून ऐकत होती. बुडीमायचं नाव आलं तेव्हा जावेने डोळे मिटले. मी तिच्या हाताकडे पाहत होते. हात ताठ होता. ती फिरवत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. आधीच्या ढिगल्यांवरून सुपली शांत गेली आणि बुडीमायच्या तांदळावर येताच फिरली, सुतळीला पीळ पडेपर्यंत.

मला वाटलं बुडीमाय ओरडेल, नाही म्हणेल, शिव्या देईल. ती उभी राहिली आणि तांदळाकडे पाहत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मंग असंल बाप्पा. मले मालूम नोहोतं."

कोणी तिच्या अंगावर गेलं नाही. जाण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

त्यानंतरचे थोडे दिवस तिचं दार बंद असायचं. हापशीवर ती सगळ्यांच्या शेवटी येऊ लागली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी दोनदा जाऊन पुन्हा समजावलं. वाट्या आणि खडाही घेऊन गेले. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू भोरी आहेस," म्हणजे भोळी. शेवटी तिचा जावई तिला न्यायला आला. तिरोड्याहून सालेकशाची गाडी धरायची होती. लेकीलाही दोन लहान लेकरं होती. मी विचारलं, तिथे बरं वाटेल ना? ती म्हणाली, "लेकरांपासून दूर राहीन. बैलाच्या कोठ्यात झोपीन."

ती निघाली त्या सकाळी माझी लेक ओट्यावर खेळत होती. बुडीमायने तिला जन्मल्या दिवसापासून चोळलं होतं, पायावर घेऊन झोपवलं होतं. लेक ओरडली, "माय, कोठी चालली?"

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहीत नाही. डोळ्यांना दिसलं ते एवढं. बुडीमाय आमच्या घरासमोर आली. लेकीचा आवाज ऐकून थांबली. तिने मान वळवली नाही. डोक्यावरचा पदर ओढून तिने दोन्ही डोळे झाकले, एका हाताने कुंपण चाचपलं आणि आमचं घर मागे पडेपर्यंत तशीच चालत गेली.